ठरलेली कुस्ती, न ठरलेला हल्ला

सांगोला, मंगळवेढा, आटपाडी, माळशिरस या पट्ट्यात गावच्या यात्रेतला एक दिवस कुस्त्यांसाठी राखून ठेवलेला असतो. दुपारी हलगी कडकडू लागते, लहान पोरांच्या नारळावरच्या कुस्त्यांनी सुरुवात होते आणि ऊन कलता कलता मोठ्या इनामाच्या कुस्त्या लागतात. त्या दिवशी पंचांचे खरे कसब लागते ते जोड लावताना. दोन पोरे शेजारी उभी करायची, अंगकाठी पाहायची, वय विचारायचे, कोण कुठल्या तालमीतला आणि किती वर्षे माती खेळतोय याचा अंदाज घ्यायचा, आणि मगच त्यांना हात मिळवायला लावायचे. जोड विजोड दिसली तर कडेची माणसेच गलका करून ती मोडतात. मैदानाचा निम्मा न्याय इथेच होऊन जातो. याच मैदानावरून घरी निघालेल्या एखाद्या पैलवानाला रात्री मिरज रस्त्यावर तिघांनी अडवले, तर तिथे जोड लावायला कोणी नसते. पोराला तालमीत घालणारा बाप आणि पोरीला कराटेच्या क्लासला पाठवणारी आई, दोघांच्याही मनात हा प्रश्न असतोच की मैदानात मिळवलेले कसब अशा वेळी उपयोगी पडते का. त्यावर दोन तयार उत्तरे ऐकू येतात. पैलवानाच्या वाटेला जायची कोणाची छाती आहे, हे एक. मैदानातले डाव रस्त्यावर चालत नाहीत, हे दुसरे. दोन्हींत तथ्य आहे आणि दोन्ही अपुरी आहेत. मला मांडायचे आहे ते असे: कुस्ती, मुष्टियुद्ध, ज्यूदो यांसारखे खेळ माणसाला झुंजीच्या मधल्या भागासाठी उत्तम तयार करतात, पण माणूस सुखरूप राहतो की नाही हे बहुतेक वेळा झुंज लागण्याआधीच ठरते, आणि त्या आधीच्या भागाबद्दल आखाडा जवळजवळ काहीच शिकवत नाही.

खेळातली झुंज दोघांनी कबूल केलेली असते. वजनगट ठरलेला, वेळ ठरलेली, जमीन मऊ, समोर एकच माणूस, त्याच्या हातात काही नाही, मध्ये पंच, आणि हरलेल्याला माती झटकून घरी जाण्याची खात्री. या कबुलीच्या आत नियम किती बारीक होत जातात याचे उदाहरण सोलापूर जिल्ह्याला चांगले आठवत असेल. जानेवारी २०२३ मध्ये पुण्यात झालेल्या महाराष्ट्र केसरी स्पर्धेत माती विभागाची लढत मोहोळचा सिकंदर शेख आणि मंगळवेढा तालुक्यातला महेंद्र गायकवाड यांच्यात झाली. महेंद्रने मारलेल्या बाहेरच्या टांगेला चार गुण मिळाले आणि सिकंदरची पाठ खरोखर तितकी मातीकडे वळली होती का, यावर राज्यभर कित्येक दिवस वाद चालला. खेळ म्हणून हा वाद अगदी रास्त होता. पाठीच्या कोनावर एका मल्लाचे वर्षभराचे कष्ट तोलले जात होते. रस्त्यावर मात्र पाठ किती अंशांत वळली याला शून्य किंमत आहे. अडचण अशी की वर्षानुवर्षे घोटलेला नियम अंगात मुरतो आणि बोलावले नाही तरी वर येतो. चितपट होऊ नये म्हणून मल्ल खाली गेला की पोट मातीला चिकटवतो, कोपर आवळून घेतो आणि पंचांनी कुस्ती उभी करण्याची वाट पाहतो. मैदानात हा शहाणपणा आहे. डांबरी रस्त्यावर, जिथे कोणीही उभ्याउभ्या डोक्यात लाथ घालू शकतो, तिथे त्याहून धोक्याची स्थिती शोधून सापडणार नाही. मुष्टियोद्ध्याचा हात पट्ट्या आणि ग्लोव्हजमध्ये सुरक्षित असतो. उघड्या मुठीने कवटीवर ठोसा बसला तर करंगळीमागचे हाड मोडते, आणि या मोडीला वैद्यकातही मुष्टियोद्ध्याचेच नाव आहे. तायक्वांदोच्या सामन्यात डोक्यावर ठोसा मारायला बंदी असल्याने खेळाडूला हात खाली ठेवण्याची सवय लागते. ब्राझीलच्या जिऊ-जित्सूत पाठीवर पडून लढणे हीच मोठी विद्या आहे. प्रत्येक खेळाचा नियम त्या खेळाडूच्या बचावात एक नेमके भोक ठेवून जातो.

एवढे वाचून कोणी असा निष्कर्ष काढेल की खेळ सोडा आणि 'खरे' स्वसंरक्षण शिका: डोळ्यांत बोटे, गळ्यावर घाव, गुडघा उलटा मोडणे. हा आक्षेप जुना आहे आणि वरवर पाहता तो बिनतोड वाटतो. घातक डाव खेळात चालत नाहीत, म्हणून खेळ लुटुपुटीचा, असा तो तर्क. त्याला पहिले मोठे उत्तर जपानमध्ये मिळाले. जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये टोकियोत कोदोकान सुरू केले तेव्हा त्यांनी जुन्या जुजुत्सूतले जीवघेणे डाव मुक्त सरावातून बाजूला काढले. यामुळे विद्या पातळ होईल अशी जुन्या गुरूंची भीती होती. घडले उलटे. डाव निर्धोक झाल्यामुळे शिष्यांना ते रोज, पूर्ण ताकदीने, पूर्ण विरोध करणाऱ्या माणसावर करता येऊ लागले, आणि पुढच्या काही वर्षांत कोदोकानची पोरे जुन्या संप्रदायांच्या मल्लांना भारी पडू लागली. डोळ्यांत बोट घालण्याचा सराव कोणावरही खरा करता येत नाही. तो हवेत करावा लागतो, किंवा मुद्दाम गप्प उभ्या राहिलेल्या जोडीदारावर. जो डाव एकदाही विरोधाला पुरून उरलेला नाही, तो भीतीने हात थरथरत असताना पहिल्यांदा जमेल अशी आशा धरणे मला धाडसाचे वाटते. आपल्या तालमीत हे तत्त्व कोणी पुस्तकातून आणलेले नाही. पहाटे जोर-बैठका आणि सपाट्या झाल्या की लढत असते; वस्ताद डाव दाखवतो, पण तो डाव आपला झाला की नाही हे समोरचा पोरगाच ठरवतो, कारण त्याला तो होऊ द्यायचा नसतो.

दुसरी जाहीर परीक्षा १२ नोव्हेंबर १९९३ रोजी अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरात झाली. वेगवेगळ्या युद्धकलांचे आठ जण एकाच रात्री एकमेकांसमोर उभे केले गेले; वजनगट नव्हते, चावणे आणि डोळ्यांत बोटे घालणे यांखेरीज फारशी बंदी नव्हती. जिंकला तो रॉयस ग्रेसी, अंगाने सडपातळ, जिऊ-जित्सूवाला. कुठली कला श्रेष्ठ हा वाद त्यानंतरही मिटला नाही, पण एक गोष्ट स्पष्ट होत गेली की पुढच्या काळात या सामन्यांत टिकले ते कुस्ती, मुष्टियुद्ध, जिऊ-जित्सू, थायलंडचे मुष्टियुद्ध यांतून आलेले लोक, म्हणजे ज्यांचा रोजचा सराव विरोधाचा होता. अर्थात तिथेही एकाला एक होता, जमीन मऊ होती आणि थांबवणारा माणूस होता. म्हणून मला त्याहून मोलाचा पुरावा वाटतो तो पोलिसांचा. नेदरलँड्समध्ये पोलिसांना झटापट आणि अटकेचे प्रशिक्षण वर्षाला मोजकेच तास मिळते. तिथल्या संशोधकांनी २०१५ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी पोलिसांना साध्या वातावरणात आणि मुद्दाम घबराट निर्माण करून अशा दोन्ही परिस्थितींत अंगावर आलेला हल्ला परतवायला लावला. ज्यांच्याकडे फक्त खात्याचे प्रशिक्षण होते त्यांचे काम दडपणाखाली बिघडले. जे आपल्या वेळात कराटे, जिऊ-जित्सू किंवा क्राव मागा करत होते ते दडपणातही त्यांच्यापेक्षा चांगले ठरले. इथे समोर खेळाचा प्रतिस्पर्धी नव्हता, नोकरीतला प्रसंग उभा केला होता, आणि तरीही नियमित झुंजीची सवय कामी आली.

ती सवय नेमके काय देते हे नीट पाहिले पाहिजे, कारण लोक डावांची नावे मोजत बसतात. ढाक, कलाजंग, धोबीपछाड, घिस्सा, एकचाक ही नावे मैदानाची शोभा आहेत. रस्त्यावर त्यांतला एखाददुसराच निघेल. डावाखाली जे बसलेले असते ते जास्त उपयोगाचे. परक्या माणसाने मनगट किंवा गळा धरला की न शिकलेला माणूस गोठतो, कारण इतक्या जवळून, इतक्या जोराने त्याला आयुष्यात कोणी धरलेलेच नसते. पैलवानाला रोज कोणीतरी धरत असते. पकड आली तरी त्याचा श्वास चालू राहतो, कंबर खाली जाते, पाय रुंद होतात आणि समोरच्याचे वजन कुठे झुकले आहे हे हाताला कळते. दम उखडल्यावरही आणखी एक मिनिट काम कसे करायचे, हे त्याला ठाऊक असते. आणि त्याला पडता येते. पडण्याची विद्या कोणी स्वसंरक्षणात धरत नाही, पण जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे केवळ पडून मरतात. हनुवटी छातीला लावून, हात न टेकवता, अंग गोल करून पडण्याची जी सवय ज्यूदोच्या पहिल्या महिन्यात आणि मातीत नकळत लागते, ती मोटारसायकलवरून घसरताना किंवा ओल्या न्हाणीघरात पाय सटकताना जितकी वेळा उपयोगी पडेल तितकी चोरावर पडणार नाही. या सगळ्या गोष्टींना कबुलीची गरज नसते. समोरच्याने नियम मान्य केले असोत वा नसोत, तोल तोलच राहतो. आखाड्यातले काय बाहेर चालते हे ठरवायला मला हीच कसोटी सर्वांत खरी वाटते. जे दोघांच्या कराराशिवायही टिकते ते रस्त्यावर येते, बाकीचे मैदानातच राहते.

मैदानात राहते ते थोडे नाही. समोर एकच माणूस असेल हा पहिला करार मोडला की कुस्तीची निम्मी विद्या उलटते, कारण ती दोन्ही हात एका शरीरात गुंतवायला शिकवते. गर्दीपुढे तर कोणतीच विद्या चालत नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा गावी मुले पळवणाऱ्या टोळीच्या अफवेवरून जमावाने पाच भिक्षेकऱ्यांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून ठार मारले. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे होते आणि त्यांतले बहुतेक सांगोल्याला लागून असलेल्या मंगळवेढा तालुक्यातले. महाराष्ट्रातल्या अलीकडच्या हिंसेचा विचार करताना हा प्रसंग मला सारखा पुढे ठेवावासा वाटतो. त्या पाच जणांत कोणी नामांकित मल्ल असता तरी शेवट बदलला नसता. त्यांना वाचवू शकले असते ते वेळेवर पोहोचलेले पोलीस, गावातले चार धीट लोक आणि ती अफवा पुढे न ढकलणारे हात. दुसरा करार शस्त्राचा. कोयता किंवा चाकू हातात असलेल्या माणसाला पट काढून खाली घेणारा मल्ल बहुधा त्याच क्षणी भोसकला जाईल, कारण जवळीक हीच चाकूची जागा आहे. आणि तिसरा करार जमिनीचा. हौद्यात ताक, तेल, हळद घालून मऊ केलेल्या लाल मातीवर जी पछाड पाठीवर नुसती थाप उमटवते, तीच सिमेंटच्या कडेवर कवटी फोडते.

या तिसऱ्या कराराला कायद्याची बाजू आहे आणि तालमीत ती कोणी सांगत नाही. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. तिची कलमे ३४ ते ४४ स्वतःच्या आणि इतरांच्या शरीराच्या व मालमत्तेच्या बचावाचा हक्क देतात. जुन्या दंड संहितेत हीच तरतूद कलम ९६ ते १०६ मध्ये होती. हा हक्क उदार आहे. धोक्याची रास्त भीती वाटली की तो सुरू होतो, घाव बसण्याची वाट पाहावी लागत नाही. जिवावर, बलात्कारावर, अपहरणावर, ॲसिड फेकण्यावर बेतलेल्या हल्ल्यात हल्लेखोराचा जीव गेला तरी कायदा संरक्षण देऊ शकतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१० च्या दर्शन सिंग प्रकरणात अशा वेळी माणसाने भ्याडासारखे पळून जावे अशी अपेक्षा कायदा करत नाही, असेही स्पष्ट केले. पण या हक्काला दोन कुंपणे आहेत. बचावाला लागेल त्याहून जास्त इजा करायची नाही, आणि धोका सरला की हक्कही सरतो. खाली पडून गप्प झालेल्या माणसावर घातलेली पुढची लाथ बचावाची राहत नाही, ती गुन्ह्याची होते. साध्या भांडणात तर हा हक्क उभाच राहत नाही. पतियाळात डिसेंबर १९८८ मध्ये गाडीच्या वाटेवरून झालेल्या वादात नवज्योत सिंग सिद्धू यांच्या हातचा मार बसून एका वृद्धाचा मृत्यू झाला. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना एक वर्षाची सक्तमजुरी दिली, आणि देताना असे मत नोंदवले की मुष्टियोद्धा, पैलवान, क्रिकेटपटू किंवा अतिशय धडधाकट माणूस मारतो तेव्हा नुसता हातही शस्त्र ठरू शकतो. सांगोल्याच्या प्रत्येक तालमीत हे वाक्य पोरांना समजावून सांगितले गेले पाहिजे, असे मला मनापासून वाटते. ज्याच्या अंगात जास्त बळ, त्याच्यावर माघार घेण्याची जबाबदारी जास्त.

आतापर्यंत आपण अनोळखी माणसाचा विचार केला. स्त्रियांच्या बाबतीत मात्र हे गृहीतच चुकते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या वार्षिक अहवालांत वर्षामागून वर्षे हेच दिसते की नोंदवलेल्या बलात्कारांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक प्रकरणांत आरोपी पीडितेच्या ओळखीचा असतो: शेजारी, नातेवाईक, मित्र, मालक. तिथे सलामी नसते आणि अंधारी गल्लीही नसते. तिथे असतात विश्वास, उपकार, नोकरी, घराची अब्रू. जानेवारी २०२३ मध्ये दिल्लीच्या जंतरमंतरवर देशातल्या अव्वल महिला मल्ल धरणे धरून बसल्या, त्यांत ऑलिंपिक पदक विजेती साक्षी मलिक आणि जागतिक स्पर्धेतली पदक विजेती विनेश फोगाट होत्या. कुस्ती महासंघाच्या तत्कालीन अध्यक्षांनी लैंगिक छळ केल्याचे आरोप होते. त्यांनी ते नाकारले आणि प्रकरण न्यायालयात गेले. निकाल न्यायालय देईल. आपल्या प्रश्नापुरते एवढे पाहणे पुरेसे आहे की पुरुषालाही उचलून आपटू शकतील अशा बायकांना न्यायासाठी डाव नाही, धरणे आणि फिर्याद हाताशी घ्यावी लागली. समोरच्याच्या हातात निवड, पगार किंवा भविष्य असेल तर दंडातले बळ वापरण्याची वेळच येत नाही. मार्च २०२३ मध्ये सांगलीत प्रतीक्षा बागडी पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली आणि आमच्या भागातल्या कितीतरी मुलींना लंगोट-लांगेच्या जगात आपलीही जागा दिसली, याचा आनंद मोठा आहे. पण 'मुलगी पैलवान झाली, आता काळजी नाही' असे म्हणून पालकांनी हात झटकणे तिच्यावर अन्याय करणारे आहे.

मग काय केल्याने फरक पडतो? याचे एक भक्कम उत्तर २०१५ मध्ये कॅनडातून आले. शार्लिन सेन आणि सहकाऱ्यांनी तीन विद्यापीठांतल्या पहिल्या वर्षाच्या सुमारे ९०० विद्यार्थिनी चिठ्ठ्या टाकाव्यात तशा दोन गटांत विभागल्या. एका गटाला नुसती माहितीपत्रके दिली. दुसऱ्याला तीन-तीन तासांची चार सत्रे. त्या सत्रांत शारीरिक बचाव होता, पण तो एका सत्रापुरता. उरलेला वेळ ओळखीच्या पुरुषाकडून येणारा धोका लवकर ओळखणे, 'हा तर आपलाच, असे कसे करेल' ही मनाची टाळाटाळ ओलांडणे, आणि गोड संबंध बिघडतील या भीतीशिवाय मोठ्याने नकार देणे यांवर खर्च केला होता. वर्षभरानंतर माहितीपत्रकांच्या गटात ९.८ टक्के मुलींवर बलात्कार झाला होता, प्रशिक्षणाच्या गटात ५.२ टक्के. बारा तासांनी धोका जवळजवळ निम्मा झाला. बारा तासांत कोणीही लढवय्या होत नाही. म्हणजे वाचवले ते दंडाने कमी, आणि आधी हालचाल करण्याने जास्त. आपल्याकडे हे नवे वाटू नये. प्रतापगडाच्या पायथ्याशी १० नोव्हेंबर १६५९ रोजी धिप्पाड अफजलखानाने मिठी आवळली तेव्हा शिवाजी महाराजांच्या हातातले शस्त्र आपण सारे आठवतो. पण भेटीची जागा त्यांनी निवडली होती, सोबतीची माणसे मोजून ठरवली होती, अंगरख्याखाली चिलखत आणि मंदिलाखाली शिरस्त्राण होते, जवळ जिवा महाला होता आणि भोवतीच्या जंगलात फौज पेरलेली होती. मिठीतला तो क्षण आधीपासून चाललेल्या विचाराच्या टोकाशी होता.

इथे उलट बाजूने एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. प्रतिकार केला तर हल्लेखोर जास्त चवताळतो, म्हणून गप्प राहणे बरे, असे अनेक घरांत मुलींना अजूनही सांगितले जाते. अमेरिकेतल्या १९९२ ते २००१ या काळातल्या गुन्हेपीडितांच्या पाहणीवर टार्क आणि क्लेक यांनी केलेले विश्लेषण याच्या विरुद्ध बोलते. प्रतिकार करणाऱ्यांना एकंदरीत इजा वाढलेली दिसली नाही. ज्यांना इजा झाली त्यांतल्या बहुतेकांना ती प्रतिकाराच्या आधीच झाली होती. ओरडणे, पळणे, ढकलणे हे सगळे प्रतिकारच आहे. तेव्हा तालमीतली धिटाई वाया जात नाही, ती योग्य वेळी लागू झाली पाहिजे. जाता जाता, पाकीट मागणाऱ्याला पाकीट देऊन टाकण्यात काही कमीपणा नाही. त्यासाठी कोणी मरावे इतके ते मोलाचे नसते.

दुसरा आक्षेप तालमीच्या टीकाकारांचा. मारामारीचे खेळ पोरांना मारकुटे बनवतात, आणि मग निवडणुकीच्या वेळी हीच पोरे कोणाच्या तरी गाडीत दिसतात. हा आक्षेप हसण्यावारी नेऊ नये. नॉर्वेत एन्ड्रेसन आणि ओल्वेउस यांनी ११ ते १३ वयाच्या ४७७ मुलांचा दोन वर्षे पाठपुरावा केला. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात मुष्टियुद्ध, कुस्ती, वजन उचलणे, पूर्वेकडच्या युद्धकला यांत उतरलेल्या मुलांचे खेळाबाहेरचे हिंसक आणि बेशिस्त वागणे वाढलेले आढळले. दुसरीकडे ट्रल्सन यांनी १९८६ मध्ये बिघडलेल्या मुलांच्या लहान गटांवर केलेल्या प्रयोगात पारंपरिक शिस्तीसह तायक्वांदो शिकलेली मुले शांत झाली, आणि नुसते मारणे शिकलेली आणखी बिघडली. प्रयोग छोटा होता, म्हणून त्यावर फार भार टाकता येत नाही. तरी दोन्ही शेजारी ठेवले की बोट वस्तादाकडे वळते. जुन्या वस्तादांचा कडक नियम असे: गावात भांडण केले तर हौद्यात पाय ठेवायचा नाही. तो नियम मला डावांइतकाच स्वसंरक्षणाचा भाग वाटतो, कारण तरुण पुरुषांमधली बरीच मारामारी हल्ला नसतेच. ती पानटपरीवर, वरातीत, डीजेपुढे दोघांनी फुगवत नेलेली ईर्ष्या असते, आणि तिथे बळकट पोराला मागे फिरता आले तर दोन घरे वाचतात. पैलवानाला मागे फिरणे सोपे जायला हवे, कारण आपली ताकद त्याला रोज मातीत मोजून मिळते आणि टपरीवर ती सिद्ध करण्याची गरज उरत नाही. काहींना ते तसे जातेही. ज्यांना जात नाही, त्यांच्या तालमीत काहीतरी शिकवायचे राहून गेले आहे.

या सगळ्याचा व्यवहारात अर्थ काय होतो, हे शाळांच्या बाबतीत सर्वांत स्पष्ट दिसते. समग्र शिक्षा अभियानात सहावी ते बारावीच्या मुलींसाठी राणी लक्ष्मीबाई आत्मरक्षा प्रशिक्षणाची तरतूद आहे आणि त्याचा अवधी तीन महिन्यांचा आहे. तीन महिन्यांत कुस्ती किंवा कराटे येत नाही, तशी अपेक्षाही कोणी ठेवू नये. त्या वेळात ठोसे-लाथांच्या ठरावीक रांगा बसवून २६ जानेवारीला प्रात्यक्षिक करता येते, आणि पाहुण्यांना ते आवडतेही. पण तेवढ्याच वेळात मुलींना मनगट सोडवण्याचे, ढकलण्याचे आणि पडण्याचे दोन-तीन साधे प्रकार खरोखर विरोध करणाऱ्या मैत्रिणीवर घोटून घेता येतील, आणि उरलेल्या तासांत एसटी स्टँडवर, शेतावरच्या वाटेवर, शिकवणीत, पाहुण्यांच्या घरी काय खटकले तर काय म्हणायचे, कोणत्या आवाजात म्हणायचे, कोणाला सांगायचे, ११२ कधी फिरवायचा आणि सांगितल्यावर घरच्यांनी विश्वास ठेवला नाही तर पुढे कुठे जायचे, याची तालीम करता येईल. मुलांनाही हेच हवे, कारण अफवेच्या जमावात आणि वरातीच्या भांडणात बहुधा तेच असतात. ज्या मुलीला पुढे खेळायचे आहे तिने तालमीत किंवा ज्यूदोच्या गादीवर जावे, वर्षे घालवावीत. तिचा पाया इतरांपेक्षा पक्का होईल यात शंका नाही. बाकीच्यांसाठी या तीन महिन्यांचा हिशेब कॅनडात ठेवला तसा ठेवावा लागेल. किती मुलींनी प्रशिक्षण घेतले हा आकडा पंचायत समितीत सहज मिळतो. वर्षभराने त्याच मुलींना, नाव न लिहिता, चिठ्ठीवर चार प्रश्न विचारायचे: कोणी त्रास दिला का, तुम्ही काय केले, कोणाला सांगितले, त्याचे काय झाले. सांगोला तालुक्यातल्या दहा शाळांत हे करायला कागद आणि एक दुपार पुरते, आणि कोणते तास ठेवायचे व कोणते काढायचे हे त्या चिठ्ठ्यांवरून ठरवता येईल.